राग आणणारे इंग्रजी शब्द : सगळ्यांचा अर्थ ‘चिडवणे’च कसा?

मधली_सुट्टी | सोमवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. लातूरला स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. समानार्थी शब्दांचा धडा आला की एका ठिकाणी हमखास गाडी अडते. गाइडात डावीकडे लांबलचक रांग : ॲनॉय, इरिटेट, व्हेक्स, एक्झॅस्परेट, नेटल, प्रोव्होक, गोड (goad), इन्फ्युरिएट, इन्सेन्स, एनरेज, ऑफेंड, इन्सल्ट, अफ्रंट. उजवीकडे अर्थ : चिडवणे, चिडवणे, त्रास देणे, चिडवणे, संताप आणणे, चिडवणे, अपमान करणे, अपमान करणे. मुलं ते घोकतात, चार पर्यायांत बरोबर खूण करून येतात. मग पत्रलेखनात लिहितात, ‘द क्लार्क इन्सेन्स्ड मी.’ क्लार्कने बिचाऱ्याने जेवायच्या सुट्टीची पाटी लावलेली असते, बस.

याद्या नकोत, त्या माझ्याकडे पोत्याने आहेत. फरक कसा समजावता, ते सांगा. एकूण एक शब्दाला मराठी जोड सापडली तर सोन्याहून पिवळं.


अळूवडी | सोमवार, रात्री ९.४०

सर, आम्हाला शाळेत बाईंनी शिडी शिकवली होती. सगळ्यात खाली ॲनॉय, मग इरिटेट, मग एक्झॅस्परेट, मग इन्फ्युरिएट, वरच्या पायरीवर एनरेज. मराठीतही तशीच चढते : कंटाळणे, चिडणे, वैतागणे, भडकणे, बेभान होणे. मुलांना आवडते शिडी. फळ्यावर काढता येते.


घाटमाथा | सोमवार, रात्री १०.२५

शिडी अर्ध्यापर्यंत चालते, पुढे मोडते. कारण हे शब्द फक्त रागाचा पारा मोजत नाहीत. राग कुणाच्या खात्यावर टाकायचा, तेही ते सांगतात.

बघा. पंख्याची घरघर तुम्हाला ॲनॉय करते. पंख्याच्या मनात काही नसतं. धूर डोळ्यांना इरिटेट करतो, तिथे तर रागही नाही, नुसती चुरचुर. पोराने एकच प्रश्न सतरा वेळा विचारला की आई एक्झॅस्परेट होते. पोराचा हेतू वाईट नसतो, आईचा धीर संपलेला असतो. अळूवडीताई म्हणतात तो ‘वैतागणे’ तिथे चपखल बसतो. मूळ लॅटिन अर्थ खरबरीत करणे असा आहे. घासून घासून माणूस खरबरीत होतो.

आता गोड, नीडल, बेट घ्या. इथे करणारा शुद्धीवर आहे, त्याला ठाऊक आहे तो काय करतोय. गोड म्हणजे बैलाला टोचायची पराणी. ज्यांनी बैल हाकलेत त्यांना विचारा, पराणीच्या टोकाला आर असते ती रागाने कुणी टोचत नाही, बैलाने पाय उचलावा म्हणून टोचतात. म्हणून इंग्रजीत गोड बहुधा एकटं येत नाही, मागे ‘इन्टू’ घेऊन येतं. अमक्याला टोचून टोचून राजीनामा द्यायला लावला, भांडायला लावला, खेळाडूकडून चूक करवली. बेटमध्ये गळाला आमिष लावायचं आणि समोरच्याने तोंड घालायची वाट बघायची. इंग्लंडात साखळीने बांधलेल्या बैलावर, अस्वलावर कुत्रे सोडायचा खेळ होता, त्यालाही बेटिंगच म्हणायचे. १८३५ साली तिकडच्या संसदेने तो बंद केला. शब्द मात्र माणसांसाठी चालू राहिला.

पावसामुळे तुम्ही ॲनॉय होऊ शकता. पाऊस तुम्हाला गोड करू शकत नाही. हा फरक शिडीत कुठे बसवणार?


खडीसाखर | सोमवार, रात्री १०.३१

‘गोड’ म्हणजे डिवचणे हे वाचून मन भरून आलं. आमच्या सासरी गोड बोलूनच डिवचतात, तेव्हा नवीन काही नाही. :)


अळूवडी | सोमवार, रात्री १०.५०

घाटमाथा, पटलं. पण मग प्रोव्होक कुठल्या गटात? हेतू असलेल्या की नसलेल्या?


घाटमाथा | सोमवार, रात्री ११.०४

दोन्ही. प्रोव्होकचं लक्ष हेतूकडे नसतं, परिणामाकडे असतं. लॅटिनमध्ये ‘बाहेर बोलावणे’. एखादा लेख चर्चा प्रोव्होक करतो, विनोद हसू प्रोव्होक करतो. काहीतरी बाहेर पडलं पाहिजे. तुम्ही मला हजार टोमणे मारले आणि मी चहा पीत बसलो, तर तुमचा प्रयत्न झाला, प्रोव्होक कुणी झालं नाही. मराठीत जवळचा शब्द ‘उचकवणे’. उचकलेला माणूस काहीतरी करून बसतो.

बाकी वकील मंडळी सांगतील. त्यांचं पोट या शब्दावर चालतं.


काळा_कोट | मंगळवार, सकाळी ७.१५

हाक आली म्हणून आलो. सकाळी कोर्टाला निघायच्या आधी जेवढं होईल तेवढं लिहितो.

ग्रामीण महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात बसा, बांधावरच्या भांडणाची तक्रार म्हणजे जुन्या दंडसंहितेची कलमं ३२३, ५०४, ५०६. मारहाण, शिवीगाळ, धमकी. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे तीन आकडे पाठ असायचे. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आल्यावर ५०४ चं ३५२ झालं, तरी लोक जुनाच आकडा सांगतात. लोक ५०४ ला ‘शिवीगाळीचं कलम’ म्हणतात, पण कलमात शिवी हा शब्दच नाही. तिथे तीन कड्यांची साखळी आहे : जाणूनबुजून इन्सल्ट केला पाहिजे, त्यातून प्रोव्होकेशन मिळालं पाहिजे, आणि त्या प्रोव्होकेशनने समोरचा शांतता मोडेल असा हेतू किंवा निदान जाणीव पाहिजे. एक कडी तुटली की कलम गळालं. रागाने तोंडातून नुसता अपशब्द गेला, तेवढ्यावर गुन्हा उभा राहत नाही. तेव्हा मधली_सुट्टी सर, इन्सल्ट आणि प्रोव्होक यांतला फरक मुलांना शिकवायला मेकॉलेच्या दंडसंहितेसारखं दुसरं पुस्तक नाही. इन्सल्ट हे कृत्य, प्रोव्होकेशन हा त्याचा परिणाम.

आता दुसरी बाजू. उचकलेल्या माणसाने खून केला तर? ‘ग्रेव्ह अँड सडन प्रोव्होकेशन’, मराठीत गंभीर आणि अचानक प्रक्षोभ. तो सिद्ध झाला तर खुनाचा गुन्हा एक पायरी खाली उतरतो, म्हणजे सदोष मनुष्यवध होतो. इथे मुंबईचा नानावटी खटला टाळून पुढे जाताच येत नाही. २७ एप्रिल १९५९. नौदलातले कमांडर नानावटी जेवणाच्या वेळी घरी असताना बायकोने प्रेम आहुजाशी असलेले संबंध कबूल केले. नानावटींनी बायकामुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, आहुजाच्या ऑफिसात डोकावले, तिथे तो नव्हता म्हणून त्याच्या फ्लॅटवर गेले आणि गोळ्या झाडल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटेना, प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथे शिक्षा झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. कोर्टाने घड्याळ लावलं. दीडला घर सोडलं, चार वीसला गोळीबार. एवढ्या वेळात माणूस भानावर येतो. प्रक्षोभ गंभीर होता, नाही कोण म्हणतो? पण ‘सडन’ राहिला नव्हता.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे जी या धाग्याच्या कामाची. भारतात नुसत्या शब्दांनी आणि हावभावांनीसुद्धा, परिस्थिती तशी असेल तर, असा प्रक्षोभ होऊ शकतो असं कोर्ट म्हणतं. आणि तो झाला की नाही हे कुठल्या फूटपट्टीने मोजायचं? आरोपी ज्या समाजातला, ज्या थरातला, तिथल्या सारासार विचार करणाऱ्या माणसाच्या. म्हणजे एकच शब्द एका ठिकाणी प्रोव्होकेशन, दुसऱ्या ठिकाणी चेष्टा.

घाटमाथांच्या पराणीसाठी बोनस : आत्महत्येस प्रवृत्त करण्याच्या खटल्यांत ‘इन्स्टिगेट’ या शब्दाचा अर्थ सुप्रीम कोर्टाने २००१ साली रमेश कुमार विरुद्ध छत्तीसगड या निकालात सांगितला, त्यात पहिलाच शब्द ‘गोड’ आहे. नंतर पुढे ढकलणे, प्रोव्होक करणे, चिथावणे वगैरे. आणि रागाच्या भरात, पुढचा परिणाम मनात नसताना बोललेला शब्द इन्स्टिगेशन होत नाही, हेही तिथेच म्हटलंय. नवरा-बायकोच्या भांडणात ‘जा, मर’ म्हटलं जातं. त्या एका वाक्यावर किती घरं कोर्टात उभी राहतात, ते आम्ही रोज बघतो.

चला, पहिला पुकारा अकराला आहे.


खडीसाखर | मंगळवार, सकाळी ७.५८

वाचनखूण साठवली. नानावटीबद्दल एवढं वाचलं होतं, पण घड्याळाचा मुद्दा कुणी असा सांगितला नव्हता.


सडेतोड | मंगळवार, दुपारी १२.२०

साहेब जाऊन पाऊणशे वर्षं झाली, तरी साहेब कसा चिडतो यावर आपण रात्र रात्र जागवतोय. मराठीला चिडवणे, डिवचणे, खिजवणे, चेतवणे, डवचणे, चिथावणे, कळ काढणे, कुरापत काढणे, खोडी काढणे एवढं वैभव असताना परक्यांच्या दारात भीक कशाला? धागाकर्त्यांनी आधी आपलं मराठी सुधारावं.


घाटमाथा | मंगळवार, दुपारी १२.४४

सडेतोड, तुम्ही नऊ शब्द लिहिलेत. त्यातल्या डिवचणे आणि चिथावणे यांतला फरक सांगा पाहू. सांगितलात की गोड आणि इन्साइट (incite) यांतला फरक आपोआप येईल आणि सरांचं काम होईल. मी सुरुवात करतो : डिवचलं एकाला जातं, चिथावलं जमावाला. डिवचण्यात मजा असते, चिथावण्यात काम असतं.


मधली_सुट्टी | मंगळवार, दुपारी १.०५

सडेतोडजी, मुलांचा पेपर इंग्रजीचा आहे हो. साहेब गेला, पेपर राहिला.


दोन_शिफ्ट | मंगळवार, दुपारी १.१०

काडी टाकून झाली असेल तर पेटी जागेवर ठेवा.


संपादक_मंडळ | मंगळवार, दुपारी १.३०

व्यक्तिगत शेरे नकोत. विषयावर राहावे. सध्या एकही प्रतिसाद उडवलेला नाही.


दक्षिणायन | मंगळवार, दुपारी ३.१५

मेलबर्नहून. इथला कायदा वकीलसाहेबांच्या कायद्याच्या उलट्या टोकाला आहे, म्हणून लिहितेय.

ऑस्ट्रेलियाच्या वंशभेदविरोधी कायद्यात १९९५ साली १८-सी नावाचं कलम घातलं. कुणाच्या वंशामुळे, रंगामुळे त्याला ‘ऑफेंड, इन्सल्ट, ह्युमिलिएट किंवा इंटिमिडेट’ होण्याची वाजवी शक्यता असेल असं चारचौघांत वागणं बेकायदा. हेतू सिद्ध करायची गरज नाही. तुरुंग नाही, दिवाणी स्वरूपाचं आहे. चारच क्रियापदं, पण त्यांच्यावरून इथे वर्षानुवर्षं राजकारण पेटतं. विरोधकांचं म्हणणं, ऑफेंड फार हलका शब्द आहे, उद्या कुणाचंही नाक फुरफुरेल. सरकारने २०१७ मध्ये ऑफेंड, इन्सल्ट, ह्युमिलिएट हे तिन्ही काढून त्या जागी ‘हॅरॅस’ घालायचा घाट घातला. सिनेटने फेटाळला. आणि गंमत म्हणजे कोर्टाने ऑफेंडला आधीच वजन देऊन ठेवलं होतं : परिणाम खोल आणि गंभीर हवा, नुसत्या ‘स्लाइट’ने, म्हणजे किरकोळ अवमानाने, भागणार नाही. म्हणजे कायद्याने शब्द हलका घेतला आणि न्यायाधीशांनी तो जड केला.

क्रिकेटवाल्यांना २००८ ची सिडनी कसोटी आठवत असेल. हरभजनने ऑस्ट्रेलियाच्या सायमंड्सला ‘मंकी’ म्हटल्याचा आरोप झाला होता. क्रिकेटच्या आचारसंहितेतलं वंशद्वेषाचं कलम वाचाल तर सरांच्या गाइडाचं पान वाटेल : ऑफेंड, इन्सल्ट, ह्युमिलिएट, इंटिमिडेट, थ्रेटन, डिस्पॅरेज, व्हिलिफाय. सामनाधिकारी माइक प्रॉक्टरने हरभजनला तीन कसोटींची बंदी घातली. अपील न्यूझीलंडच्या न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे ॲडलेडला चाललं. सचिनने साक्ष दिली. बचाव असा की बोलली गेली ती हिंदी शिवी, ‘मंकी’ नव्हे. वंशद्वेष सिद्ध झाला नाही, शिवीगाळ आणि अपमान या खालच्या कलमात दोषी धरून मॅच फीच्या निम्मा दंड झाला. त्या महिन्यात आमच्या ऑफिसात रोज डब्याच्या वेळी भांडण. ऑस्ट्रेलियन सहकारी म्हणायचे, आईवरून शिवी दिली हा बचाव कसा होतो? आणि आम्ही भारतीय एकमेकांकडे बघत बसायचो, कारण आपल्याकडे आईवरची शिवी जास्त जड. दोन समाजांच्या तागड्या वेगळ्या असल्या की असं होतं.


काळा_कोट | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

दक्षिणायनताई, तुमच्या ‘हलका शब्द’वरून आपल्याकडचं ६६-अ आठवलं. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं. ‘ग्रॉसली ऑफेन्सिव्ह’ मजकूर पाठवला, किंवा ‘ॲनॉयन्स’, ‘इन्कन्व्हीनियन्स’ देण्यासाठी खोटा मजकूर पाठवला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. ॲनॉयन्सला तीन वर्षं! घाटमाथांच्या पंख्याला जन्मठेपच.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर काही लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं. दोघींना अटक. त्यातून सुप्रीम कोर्टात याचिका गेली आणि २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात ६६-अ रद्द झालं. न्या. नरिमन यांनी निकालात जे म्हटलंय त्याचा मथितार्थ असा, की ॲनॉयिंग काय आणि ऑफेन्सिव्ह काय हे माणसागणिक बदलतं. एकाला जे खुपतं ते दुसऱ्याच्या गावी नसतं. मग इन्स्पेक्टरने कुठल्या मापाने मोजायचं? उलट धार्मिक भावनांचं जुनं २९५-अ, १९२७ सालचं, अजून उभं आहे. नव्या संहितेत २९९. त्यात ‘डेलिबरेट अँड मॅलिशस’, म्हणजे जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने, असे दोन खांब आहेत, त्यांच्यावरच ते सुप्रीम कोर्टात १९५७ साली टिकलं. आता पोलीस ठाण्यात ते खांब कोण तपासतो, हा वेगळा धागा.


रानमोगरा | मंगळवार, रात्री ९.००

उशिरा आले, पण या विषयावर गप्प बसवत नाही. व्युत्पत्ती हा माझा वीक पॉइंट.

काळा_कोट यांनी २९५-अ चं नाव घेतलंय तर तिथलाच एक शब्द : ‘आउटरेज’. धार्मिक भावना आउटरेज करणे. विनयभंगाच्या कलमातही, जुनं ३५४, ‘आउटरेज हर मॉडेस्टी’. वाचणाऱ्याला वाटतं आउट अधिक रेज, राग बाहेर पडणे. तसं काही नाही. त्यात आउटही नाही आणि रेजही नाही. लॅटिन ‘अल्ट्रा’ म्हणजे पलीकडे, त्यावरून जुन्या फ्रेंचात ‘उत्राज’, म्हणजे मर्यादा ओलांडणे. राग हा अर्थ नंतर चिकटला. कायद्याने जुना अर्थ सांभाळून ठेवलाय, म्हणून विनय‘भंग’ हे भाषांतर बरोबर बसतं.

इन्सेन्स. सरांच्या क्लार्कवाला. हा पेटवण्याचा शब्द, उदबत्तीचा इन्सेन्सही तोच. पण इन्सेन्स्ड माणूस नुसता तापलेला नसतो, त्याला वाटत असतं की आपल्यावर अन्याय झालाय आणि आपलं बरोबर आहे. आपल्या पेपरात ‘संतप्त ग्रामस्थांनी रास्ता रोको केला’ असतं, तो संतप्त म्हणजे इन्सेन्स्ड. तोही ‘तप्’वरून, आगीचाच. जेवायच्या सुट्टीच्या पाटीने कुणी संतप्त होत नाही.

टीज आणि हेकल दोन्ही पिंजाऱ्याच्या घरचे. टीज म्हणजे लोकर मोकळी करणे, हेकल म्हणजे जवसाचे तंतू विंचरायचा दातेरी फणा. स्कॉटलंडात डंडीच्या हे तंतू विंचरणाऱ्या कामगारांचं तोंड सभांमध्ये फार चालायचं, म्हणून भाषणात मध्येच बोलून वक्त्याला बेजार करणे ते हेकल, असं सांगतात.

आणि माझा सगळ्यात आवडता : ‘रँकल’. कुणीतरी काहीतरी बोलून गेलं, वर्षं उलटली, तरी आत ठसठसतं. मराठीत ‘सलणे’. याचं मूळ लॅटिन ‘ड्राकुन्कुलस’, छोटा ड्रॅगन. चिघळलेल्या गळवाला ते नाव पडलं आणि फ्रेंचातून घासत घासत इंग्रजीत रँकल झालं. आता ज्यांची आजी-आजोबा पिढी पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलीय त्यांनी ऐका : नारूच्या जंताचं शास्त्रीय नाव ड्राकुन्कुलस मेडिनेन्सिस. तोच ड्रॅगन. नारू पायातून बाहेर यायला लागला की काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, घाई केली तर तुटून आतच राहायचा आणि पाय सुजायचा. १९९६ नंतर देशात नवा रुग्ण सापडला नाही आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. सासूबाईंच्या मनातलं रँकल कधी मुक्त होणार, ते मात्र संघटनेच्या हातात नाही.


खडीसाखर | मंगळवार, रात्री ९.०७

रानमोगरा _/\_ सासूबाईंच्या धाग्यावर भेटूच.


दोन_शिफ्ट | मंगळवार, रात्री ११.५०

हिंजवडीतून, ऑफिसातल्या इंग्रजीबद्दल थोडं. इथे कुणी कुणाला इन्सल्ट करत नाही. इथे सगळं नम्रपणे होतं. ‘नो ऑफेन्स, बट’ आलं की समजायचं पुढे ऑफेन्स आहे. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ म्हणजे जितका मान द्यायचा तितका देऊन झाला, तो शून्य होता. ‘ॲज पर माय लास्ट ईमेल’ म्हणजे तुला वाचता येत नाही का. त्यात साहेबांना सीसी केलं की झालंच. काल एका क्लायंटला आमच्या नव्या पोराने लिहिलं, ‘व्हाय आर यू गेटिंग ॲंग्री ऑन मी?’ पोराच्या मनात काही नव्हतं, मराठीतून सरळ उचललं, माझ्यावर का रागावता. तिकडे क्लायंट आणखी भडकला. ‘ऑन’ चुकीचं होतं हे एक, ॲंग्रीला मागे ‘विथ’ किंवा ‘ॲट’ लागतं. पण भडकण्याचं कारण ‘ऑन’ नव्हतं. तुम्ही रागावलात असं समोरच्याला तोंडावर सांगणं हेच तिकडे प्रोव्होकेशन. कॉलवर बोलावून, चहा पाजता येत नाही म्हणून दोन विनोद सांगून मिटवलं.


मधली_सुट्टी | बुधवार, सकाळी ८.१०

दोन_शिफ्ट, माझ्या मुलांचा हुकमी घोळ आणखी वेगळा आहे : ‘आय ॲम इरिटेटिंग.’ म्हणायचं असतं मला चीड येतेय, म्हणून जातात मी चीड आणतोय. ‘आय ॲम ऑफेन्सिव्ह’सुद्धा ऐकलंय, तेही मुलाखतीच्या सरावात, छाती पुढे काढून.


घाटमाथा | बुधवार, सकाळी ८.३५

सर, याचं औषध मराठीतच आहे. आपण क्रियापदाला ‘व’ जोडतो : चिडणे-चिडवणे, खिजणे-खिजवणे, भडकणे-भडकवणे. ‘व’ आला की राग दुसऱ्याचा. इंग्रजीत ही क्रियापदं मुळातच ‘व’ची, म्हणजे चिडवणारी. चिडायचं असेल तर ‘-एड’ लावून स्वतःवर ओढून घ्यावं लागतं. मुलांना सांगा : आधी मराठी वाक्य बोला, त्यात ‘व’ आहे का बघा, असेल तर ‘-इंग’, नसेल तर ‘-एड’.

आणि इन्सल्ट वाचताना आघात कुठे द्यायचा तेही सांगा. नाम असेल तर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.


अळूवडी | बुधवार, सकाळी १०.०२

‘रेज बेट’ राहिलं की. ऑक्सफर्डवाल्यांनी २०२५ चा वर्षाचा शब्द म्हणून तेच निवडलं. माणूस चिडून क्लिक करेल, कॉमेंट टाकेल, म्हणून मुद्दाम चीड आणणारा मजकूर. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालणारे ते व्हिडिओ असतात ना, ते. ओला चमचा बघून आमच्या मावशीने फोन आपटला होता. तिने खाली कॉमेंट केली आणि तिला दिवसभर तसलेच व्हिडिओ दिसत राहिले.


सडेतोड | बुधवार, सकाळी १०.२०

म्हणजे माझ्या कालच्या प्रतिसादाला नाव मिळालं म्हणायचं. चालू द्या. बाकी घाटमाथा, डिवचणे एकाला आणि चिथावणे जमावाला, हे मान्य नाही. एकट्या माणसालाही चिथावता येतं, वकीलसाहेबांचं इन्स्टिगेशन एकट्याचंच असतं. डिवचणाऱ्याला समोरच्याचा राग बघायचा असतो, चिथावणाऱ्याला त्याच्या हातून काहीतरी करवून घ्यायचं असतं.


घाटमाथा | बुधवार, सकाळी १०.४१

सडेतोड, ही व्याख्या माझ्यापेक्षा चांगली आहे.


मधली_सुट्टी | बुधवार, रात्री ८.३०

आज वर्गात तीन वाक्यं दिली, मराठी प्रसंग आणि गाळलेली जागा. मुलांची उत्तरं नंतर सांगतो, आधी तुम्ही भरा.

एक. बँकेच्या हेल्पलाइनने ‘मराठीसाठी दोन दाबा’ म्हणत अर्धा तास फिरवलं, मी ____ झालो.
दोन. धरणात जमीन गेली, मोबदला शेजारच्या गावाच्या निम्मा मिळाला, लोक ____ झाले.
तीन. पत्रिका हातात दिली नाही, व्हॉट्सॲपवर टाकली, म्हणून थोरले काका लग्नाला आले नाहीत. काका ____.


रानमोगरा | बुधवार, रात्री ८.४४

एक, एक्झॅस्परेटेड. दोन, इन्सेन्स्ड. तीन, स्लाइटेड. स्लाइटमध्ये बहुधा कुणी काही केलेलं नसतं, करायला हवं होतं ते राहिलेलं असतं. अक्षता घेऊन घरी जायला हवं होतं, गेले नाहीत. मानपानाचं सगळं शास्त्र या एका शब्दात मावतं.


काळा_कोट | बुधवार, रात्री ९.१५

तिसऱ्याला हरकत. ‘टुक अम्ब्रेज’. अम्ब्रेज बहुधा ‘घेतात’, कुणी दिलं असं क्वचितच म्हणतात. पत्रिका सगळ्यांनाच व्हॉट्सॲपवर गेली असेल तर काकांना कुणी कमी लेखलेलं नाही, त्यांनी स्वतःहून मनाला लावून घेतलं. पुरावा आधी बघा.


दक्षिणायन | बुधवार, रात्री ९.३०

वकीलसाहेब, पत्रिका सगळ्यांना व्हॉट्सॲपवर गेली हाच तर काकांचा मुद्दा आहे. थोरल्यांना सगळ्यांसारखं धरलं!


खडीसाखर | बुधवार, रात्री ९.३४

मी काकांच्या बाजूने. दोन्ही शब्द द्या त्यांना, आणि आहेरही परत पाठवा.


मधली_सुट्टी | बुधवार, रात्री ९.५२

वर्गातही इथेच अडलं. पहिल्या दोनला सगळ्यांचं एकमत, तिसऱ्याला वर्गाचे दोन तट. मुली ‘स्लाइटेड’, मुलं ‘अम्ब्रेज’. एक मुलगा उभा राहून म्हणाला, सर, पर्याय द्या, मग सांगतो.